लहरींची वाटणी : मोजक्या माहितीवर न्याय्य वाटप

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 

या सभागृहात आत्ता शे-दोनशे मोबाइल आहेत. त्यांतले बरेचसे एकाच टॉवरशी जोडलेले असतील. त्या टॉवरकडे असलेला रेडिओ लहरींचा पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, ठरावीक आहे. त्यातला किती भाग कोणत्या क्षणी कुणाला द्यायचा, याचा निर्णय टॉवरच्या यंत्रणेतला एक प्रोग्रॅम घेतो. त्याला शेड्यूलर म्हणतात. फोर-जीमध्ये तो सेकंदाला हजार वेळा हा निर्णय घेतो. आपल्याकडच्या फाइव्ह-जीच्या नेहमीच्या मांडणीत दर अर्ध्या मिलिसेकंदाला. निर्णय घेताना प्रत्येक मोबाइलची पूर्ण स्थिती त्याला कधीच ठाऊक नसते. हाती असलेली माहिती थोडी असते, ढोबळ असते आणि जराशी शिळीही असते. तरीही लहरी वाया जाऊ नयेत आणि कुणी उपाशी राहू नये, असे वाटप त्याला करायचे असते.

हे कसे साधते, हा आजचा विषय. मला जे म्हणायचे आहे ते सुरुवातीलाच सांगतो. चांगल्या वाटपासाठी सगळ्यांची सगळी माहिती लागत नाही. ज्याच्याकडून हवी त्याच्याकडून आणि हवी तेव्हा आलेली मोजकी माहिती पुरते. पण न्याय कशाला म्हणायचे, हे कोणतेही गणित आपल्या वतीने ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

लहरी कुणाच्या?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकार आणि क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल यांच्यातल्या खटल्याचा निकाल दिला. वाद क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता. निकाल त्याच्या फार पुढे गेला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात स्पष्ट केले, की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी, नियमनाखाली झाला पाहिजे. पुढे २ फेब्रुवारी २०१२ रोजी टू-जी प्रकरणात याच न्यायालयाने स्पेक्ट्रम ही नैसर्गिक संपत्ती मानून १२२ परवाने रद्द केले.

या निकालांनंतर चर्चा झाली ती लहरी कोणत्या कंपनीला, किती किमतीला द्यायच्या याची. ती व्हायलाच हवी होती. पण त्यानंतर आणखी एक वाटप होते आणि त्याची चर्चा होत नाही. कंपनीला मिळालेला पट्टा तिच्या ग्राहकांमध्ये कसा वाटला जातो? २०२२ च्या लिलावात स्पेक्ट्रम वीस वर्षांसाठी दिला गेला. शेड्यूलरचे वाटप फार तर एका मिलिसेकंदाचे असते. सार्वजनिक मालमत्ता नागरिकाच्या हातात प्रत्यक्ष पडते ती या दुसऱ्या वाटपातून. म्हणून ते समजून घेणे हा इंजिनिअरांपुरता मामला राहत नाही.

पाळीचे वाटप कुठे अपुरे पडते

वाटपाची सर्वांत सरळ रीत आपल्या शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे. कालव्याच्या पाण्याची शेजपाळी असते. ज्याची पाळी आली त्याच्या शेताकडे पाणी वळवायचे. शेड्यूलरही असेच करू शकतो: पहिला मिलिसेकंद पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला, आणि सगळे झाले की पुन्हा पहिल्याला. पण कालव्याचे पाणी आज घेतले काय किंवा उद्या, शेतात तेवढेच पडते. लहरींचे तसे नाही. तोच पट्टा, तीच शक्ती एखाद्या मोबाइलसाठी या क्षणी भरपूर माहिती वाहून नेईल आणि थोड्या वेळाने जवळजवळ काहीच नेणार नाही.

असे का होते? टॉवरवरून निघालेली लहर इमारती, टेकड्या, झाडे, बसगाड्या यांवर आपटून अनेक वाटांनी मोबाइलपाशी पोचते. काही वाटांच्या लहरी एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींचा नाश करतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या फाइव्ह-जी लहरीची लांबी ८.६ सेंटिमीटर असते. तिच्या निम्म्या अंतराने, म्हणजे चार-साडेचार सेंटिमीटरने मोबाइल सरकला तरी वाटांचा हिशेब बदलतो. या चढउताराला फेडिंग म्हणतात. बिनतारी संदेशवहनाच्या पहिल्या शंभर वर्षांत फेडिंग हा शत्रू मानला गेला आणि त्याला थोपवण्यासाठी पुष्कळ बुद्धी खर्च झाली.

१९९५ मध्येच रेमंड नॉप आणि पिएर हंब्ले या फ्रान्समधील युरेकॉम संस्थेतल्या संशोधकांनी या शत्रूकडे वेगळ्या नजरेने पाहिले. मोबाइल अनेक असतील आणि प्रत्येकाचे चढउतार स्वतंत्र असतील, तर कोणत्याही क्षणी त्यांतला कुणीतरी चढावर असणारच. मग त्या क्षणी पूर्ण पट्टा त्यालाच का देऊ नये? एकूण वहनक्षमता सर्वाधिक हवी असेल तर हेच करणे योग्य ठरते, असे त्यांनी गणिताने दाखवले. त्यांची मांडणी मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांची होती. तोच विचार पुढे उलट दिशेलाही लागू झाला. आज ही कल्पना मल्टियूजर डायव्हर्सिटी या नावाने ओळखली जाते.

हा फायदा किती, हे शाळेतल्या गणिताने कळते. इमारतींच्या गर्दीत सिग्नलच्या शक्तीचे चढउतार बहुधा रॅली फेडिंग नावाच्या नियमाने होतात. तो नियम धरला, तर अनेक सारख्या मोबाइलमधल्या क्षणोक्षणीच्या सर्वोत्तमाची सरासरी शक्ती मिळते एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अशी मोबाइलच्या संख्येपर्यंत केलेली बेरीज. दोघे असतील तर दीडपट, दहा असतील तर २.९ पट, पन्नास असतील तर ४.५ पट, शंभर असतील तर ५.२ पट. म्हणजे पन्नास मोबाइल असतील तर टॉवरची शक्ती एका वॅटनेही न वाढवता सिग्नल सरासरी साडेचार पट मिळतो, केवळ योग्य क्षणी योग्य मोबाइल निवडल्याने.

जवळचा आणि लांबचा

इथेच न्यायाचा प्रश्न उभा राहतो. टॉवरच्या पायथ्याशी बसलेल्याचा उतारसुद्धा लांबच्या वस्तीतल्या माणसाच्या चढापेक्षा वर असतो. दर क्षणी सर्वोत्तम सिग्नलवाल्यालाच पट्टा दिला, तर टॉवरची एकूण आकडेवारी झकास दिसेल आणि लांबच्याला पाळीच येणार नाही.

या पेचातून जी वाट निघाली तिला प्रपोर्शनल फेअर, म्हणजे प्रमाणबद्ध न्याय, असे म्हणतात. तिचे तात्त्विक रूप केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९७ मध्ये मांडले. मोबाइल जाळ्यात ती रुजली क्वालकॉम कंपनीच्या एचडीआर या तंत्रातून, जे पुढे ईव्ही-डीओ नावाने जगभर गेले. आपल्याकडे टाटा फोटॉन प्लसचे डोंगल वापरलेल्यांनी ते नकळत वापरले आहे. त्यात सेकंदाचे ६०० तुकडे केलेले होते आणि प्रत्येक तुकड्यात टॉवर पूर्ण शक्तीने एकाच ग्राहकाशी बोलत असे.

नियम एका ओळीचा आहे. प्रत्येक मोबाइलसाठी दोन आकडे घ्यायचे: या क्षणी त्याला देता येईल तो वेग, आणि अलीकडच्या काळात त्याला प्रत्यक्ष मिळालेला सरासरी वेग. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी. जवळच्या मोबाइलला आत्ता २० मेगाबिट देता येतात आणि त्याची सरासरी १० आहे, भागाकार २. लांबच्याला आत्ता ३ देता येतात आणि त्याची सरासरी १ आहे, भागाकार ३. पाळी लांबच्याची. त्याची तुलना शेजाऱ्याशी होत नाही, स्वतःच्याच नेहमीच्या स्थितीशी होते. पाळी मिळाली की त्याची सरासरी वाढते आणि भागाकार आपोआप उतरतो. बराच वेळ पाळी नाही आली तर सरासरी घटते, भागाकार चढतो. कुणीही कायमचा मागे राहत नाही, आणि तरी प्रत्येकाला पट्टा मिळतो तो बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या चढाच्या क्षणी.

या नियमामागे एक मूल्य आहे. कुणाचा वेग १ वरून २ झाला काय आणि कुणाचा १० वरून २० झाला काय, दोन्ही सुधारणा तो सारख्याच मोलाच्या मानतो. गणिताच्या भाषेत तो सर्वांच्या वेगांच्या लॉगॅरिदमची बेरीज जास्तीत जास्त करतो. हे मूल्य मला पटते. पण ते माणसांनी निवडलेले मूल्य आहे, याची आठवण ठेवायला हवी.

माहितीची किंमत

आतापर्यंत मी एक गोष्ट गृहीत धरली: कोण चढावर आहे हे टॉवरला कळते. त्याला कळवणार कोण? टॉवरचा सिग्नल आपल्यापर्यंत कसा पोचतो आहे, हे थेट मोबाइललाच मोजता येते. मोबाइलने मोजायचे आणि टॉवरला कळवायचे, यालाच फीडबॅक म्हणतात. आणि कळवण्यासाठीही लहरीच खर्च होतात.

किती, ते पाहू. फोर-जीच्या २० मेगाहर्ट्झ पट्ट्याचे १०० लहान भाग असतात, प्रत्येकी १८० किलोहर्ट्झचा. फेडिंग प्रत्येक भागात वेगळे असू शकते. प्रत्येक भागाची प्रत सांगायला ४ बिट धरले आणि दर मिलिसेकंदाला कळवायचे ठरले, तर एका मोबाइलचे सेकंदाला ४ लाख बिट झाले. पन्नास मोबाइलचे २ कोटी. ज्या उलट्या वाटेने आपले फोटो आणि आवाज टॉवरकडे जायचे, तिचा मोठा हिस्सा नुसत्या स्थिती-अहवालातच बुडेल. शिवाय ते अहवाल पाठवताना पन्नास मोबाइलच्या बॅटऱ्या झिजतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्या क्षणी पाळी मिळणारच नसते.

क्लॉड शॅनन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले होते, की ज्या चॅनेलला मागची स्मृती नाही, त्यावर एकच बोलणारा आणि एकच ऐकणारा असेल, तर फीडबॅकने वहनक्षमता वाढत नाही. ऐकणारे अनेक झाले आणि प्रत्येकाचे चॅनेल बदलते झाले, की चित्र पालटते. आता कुणाशी बोलायचे हे ठरवण्यातच फायदा असतो, आणि तो फीडबॅकशिवाय मिळत नाही. म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला मोठा प्रश्न असा झाला: हा फायदा टिकवून माहिती कमीत कमी किती मागवावी?

मोजके कसे मागवावे

पहिला उपाय ढोबळपणाचा. फोर-जीतला मोबाइल सिग्नलचा तंतोतंत आकडा पाठवत नाही. ४ बिटांत मावणाऱ्या १६ पायऱ्यांपैकी एक सांगतो. त्या पायरीचा अर्थही व्यवहारी आहे: या वेगाने पाठवाल तर चूक होण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आत राहील. चूक झालीच तर तो तुकडा पुन्हा पाठवला जातो. मग शंभर भागांचे वेगवेगळे अहवाल कशाला? शेजारच्या भागांत फेडिंग बरेचसे सारखे असते. म्हणून आठ-आठ भागांचे गट करून १३ गट होतात; पूर्ण पट्ट्याची सरासरी ४ बिटांत, आणि प्रत्येक गट त्या सरासरीच्या वर की खाली, हे २ बिटांत. एकूण ३० बिट. चारशेचे काम तिसात झाले.

दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. डेव्हिड गेस्बर्ट आणि मोहम्मद-स्लिम अलुइनी यांनी २००४ मध्ये विचारले, की प्रत्येकाने बोलायलाच हवे का? टॉवरने आधीच एक उंबरठा जाहीर करावा. ज्याचा सिग्नल आत्ता त्याच्या वर असेल त्यानेच कळवावे, बाकीच्यांनी गप्प राहावे. समजा पन्नास मोबाइल आहेत आणि उंबरठा असा ठेवला, की प्रत्येकाची तो ओलांडण्याची शक्यता १० टक्के आहे. रॅली फेडिंगमध्ये तो सरासरीच्या २.३ पट येतो. मग दर वेळी सरासरी फक्त पाच जण बोलतात. कुणीच न बोलण्याची शक्यता किती? ०.९ चा पन्नासावा घात, म्हणजे अर्धा टक्का. फीडबॅक नव्वद टक्के घटला, आणि सर्वोत्तम मोबाइल हातातून निसटतो तो दोनशेत एकदा.

याच्याही पुढे जाता येते. शहाब सनाये आणि आरिया नोसरातिनिया यांनी दाखवले, की प्रत्येकाने फक्त एक बिट सांगितले, ‘मी उंबरठ्याच्या वर आहे’ किंवा ‘नाही’, तरी उंबरठा संख्येनुसार नीट बेतल्यास मोबाइल वाढतील तशी क्षमता त्याच गतीने वाढत राहते. वरचाच हिशेब पाहा. उंबरठ्यावरच्या पाचांपैकी कुणीही एक निवडला तरी सरासरी सिग्नल ३.३ पट मिळतो. सगळ्यांकडून सगळे काही विचारले असते तर ४.५ पट मिळाला असता. काहीच विचारले नसते तर एक पट. पहिल्या एका बिटाने जेवढे मिळवून दिले, तेवढे पुढच्या सगळ्या बिटांनी मिळून दिले नाही. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

उंबरठा प्रत्येकाच्या स्वतःच्या सरासरीवर बेतला, तर न्यायही त्यातच साधतो. लांबचा मोबाइल स्वतःच्या चढावर असला की त्यालाही जवळच्याइतकाच बोलण्याचा हक्क मिळतो.

पण पाच जण एकदम बोलू लागले तर? शिआंगपिंग चिन आणि रँडल बेरी यांनी त्यावर २००४ मध्ये एक देखणी रीत दिली. प्रत्येक छोट्या फेरीनंतर टॉवर एवढेच सांगतो: कुणी बोलले नाही, एकच बोलला, की एकापेक्षा जास्त बोलले. त्यावरून उंबरठा खाली-वर सरकतो. मोबाइल कितीही असोत, सर्वोत्तमाचा शोध सरासरी अडीच फेऱ्यांत लागतो.

मोजकेपणाची सीमा

मोजकी माहिती सगळीकडे पुरते असे मी म्हणालो, तर ते खरे होणार नाही. टॉवरवर अनेक अँटेना असतात आणि त्या एकाच वेळी वेगवेगळ्या मोबाइलकडे वेगवेगळे झोत टाकू शकतात. मोबाइल खूप असतील तर तिथेही थोडक्यात भागते. मसूद शरीफ आणि बाबक हसिबी यांनी २००५ मध्ये दाखवले, की झोत वाटेल त्या दिशांना टाकले आणि प्रत्येक मोबाइलने आपला सर्वांत चांगला झोत कोणता आणि तो किती चांगला, तेवढे कळवले, तरी गर्दीत कुणी ना कुणी प्रत्येक झोतात नीट सापडतो. पण मोबाइल मोजकेच असतील तर झोत नेमक्या दिशेला वळवावे लागतात आणि माहितीची भूक वाढते. निहार जिंदल यांनी २००६ मध्ये तिचे माप दिले. चार अँटेना असतील तर सिग्नलच्या प्रत्येक वाढीव डेसिबलमागे प्रत्येक मोबाइलने एक बिट जास्त पाठवला पाहिजे. नाहीतर एकाचा झोत दुसऱ्याच्या कामात अडथळा आणतो आणि क्षमता तिथेच अडकते.

दुसरी सीमा शिळेपणाची. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या लोकलमध्ये बसलेला प्रवासी चार-साडेचार सेंटिमीटर अंतर अडीच मिलिसेकंदांत कापतो. त्याच्या मोबाइलने मोजले, कळवले, टॉवरने ठरवले आणि पाठवले, तोवर मोजलेली स्थिती उरलेली नसते. अशा प्रवाशाकडून बारीक तपशील मागवण्यात अर्थ नाही. त्याच्या सरासरीवर भरवसा ठेवणे शहाणपणाचे. जुनी तपशीलवार माहिती ताज्या ढोबळ माहितीपेक्षा कमी कामाची असते.

तिसरी सीमा आपल्या खेड्यांत दिसते. वापरणारे थोडे, घरात एका जागी ठेवलेले उपकरण, समोर मोकळा माळ. तिथे चढउतारच कमी, मग चढाचा क्षण गाठण्याचा लाभही कमी. प्रमोद विश्वनाथ, डेव्हिड त्से आणि राजीव लारोया यांनी २००२ मध्ये यावर विलक्षण उपाय सुचवला: टॉवरच्या अँटेनांनी आपली शक्ती आणि कला (फेज) मुद्दाम हळूहळू बदलत राहावे, म्हणजे स्थिर मोबाइललाही चढ मिळेल. ज्या फेडिंगशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली, ते मुद्दाम निर्माण करायचे! तरीही विरळ वस्तीचा प्रश्न एकट्या शेड्यूलरने सुटत नाही. तिथे आधी जोडणी पोचवावी लागते. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरी वापरून ती पोचवून दाखवली आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत आंतरराष्ट्रीय दाद मिळवली. वाटपाचे तंत्र आणि पोचवण्याचे तंत्र, दोन्ही हातात हात घालून चालावे लागतात.

आपण काय विचारावे

श्रोतेहो, जाहिरातीत आपल्याला सर्वांत मोठा वेग सांगितला जातो. तो टॉवरजवळच्या, रिकाम्या वेळेतल्या मोबाइलचा असतो. सरासरी वेगही पुरेसा बोलका नसतो, कारण दहांपैकी एकाला खूप आणि नऊ जणांना थोडे मिळाले तरी सरासरी छान दिसते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०१७ मध्ये फाइव्ह-जीचे निकष ठरवताना एक शहाणपणाचे माप घेतले: सर्वांत मंद पाच टक्के वापरणाऱ्यांच्या सीमेवर काय वेग मिळतो? दाट शहरी वस्तीसाठी तिथेही सेकंदाला १०० मेगाबिट उतरायला हवेत, अशी अपेक्षा त्यांनी लिहून ठेवली. न्यायाची कसोटी शेवटच्या माणसापाशी लावायची, हा विचार तंत्रज्ञानाच्या दस्तऐवजात आकड्यांनिशी उतरला, याचे मला फार मोल वाटते.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे, की हे क्षेत्र संपलेले नाही. आज सांगितलेली बहुतेक गणिते पदवीच्या संभाव्यताशास्त्राने समजतात. पन्नास मोबाइल आणि एक उंबरठा, एवढे संगणकावर मांडून पाहा. एका संध्याकाळचे काम आहे. मग उंबरठा बदला, मोबाइल हलवा, काहींना टॉवरपासून लांब न्या, आणि कुणाचे काय होते ते मोजा. आपल्या लोकलच्या गर्दीसाठी, आपल्या घाटांसाठी, आपल्या विखुरलेल्या पाड्यांसाठी योग्य नियम कोणता, हे शोधण्याचे काम इथल्याच लोकांनी करायला हवे.

आणि नागरिक म्हणून आपण सर्वांनी कंपन्यांना आणि नियामकाला एक प्रश्न विचारत राहावा: सर्वांत मंद पाच टक्क्यांना आमच्या तालुक्यात किती वेग मिळतो? लहरी आपल्या सर्वांच्या आहेत, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. त्या वाटताना पाड्यावरच्या मोबाइलचा विचार झाला की नाही, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. तो वापरूया.